एकशे तीन पूर्णांक दोन दशांश

आमच्या बेटावर आडनाव कोणी वापरत नाही. वापरून उपयोगही नाही, कारण सगळेच ओकिउरा. टपालवालासुद्धा पाकिटावरचं फक्त नाव वाचतो. माझं नाव तोकुजी. बेटाच्या दगडखाणीत मी चौतीस वर्षं काम केलं, आणि त्यातली बहुतेक इसामूच्या शेजारी उभं राहून.

इसामू माझ्याहून चार वर्षांनी मोठा. उंचीला कमी, खांद्याला रुंद. ग्रॅनाइटला नस असते. ती ओळखून तिच्यावर भोकं पाडायची, भोकांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जायचं. ठोके सारखे पडले तर दगड सरळ उकलतो. घाई केली तर वाकडा फुटतो आणि आठवड्याचं काम मातीत जातं. इसामू घाई करत नसे. पाचरींचा आवाज बदलला की घण खाली ठेवायचा. "अजून तयार नाही तो," म्हणायचा, आणि डबा उघडून बसायचा. मुकादम ओरडला तरी बसायचा. त्याचा दगड वाकडा फुटलेला मी चौतीस वर्षांत दोनदा पाहिला. माझा किती वेळा फुटला ते इथे लिहीत नाही.

दगड तोडला की ज्याने तोडला त्याने त्यावर लाल रंगाने आपलं नाव लिहायचं, अशी खाणीची रीत होती. पुढे घडवताना आतून चीर निघाली तर हात कोणाचा होता ते कळावं म्हणून. आडनाव लिहायचा प्रश्नच नव्हता. बेटावर इसामू एकच होता. त्याने बेचाळीस वर्षं दगडांवर "इसामू" लिहिलं. त्यातले काही दगड बंदराच्या धक्क्यात आहेत, काही दूरच्या शहरांत पुलांखाली आहेत. लाल रंग केव्हाच गेला असेल.

त्याच्याकडे एक वही होती. तिच्याबद्दल आधी सांगतो, कारण शेवटी ती माझ्याकडे आली.

बाप लढाईवर गेला तेव्हा इसामू पोटात होता. बापाने जाताना एका कागदावर लिहून ठेवलं होतं, मुलगा झाला तर इसामू. बाप परत आला नाही. चौथीत असताना बाईंनी प्रत्येकाला आपल्याच नावाचा एखादा नामांकित माणूस शोधून आणायला सांगितलं. इसामूला मासळी बांधून आलेल्या वर्तमानपत्रात एक पैलवान सापडला. भाताच्या पेजेने त्याने तो वहीत चिकटवला. बाकीच्या पोरांनी बाईंना एक नाव सांगितलं आणि विसरून गेली. इसामू थांबला नाही. आगबोटीवरून येणारं प्रत्येक वर्तमानपत्र तो चाळायचा. एक इसामू धूमकेतू शोधणारा. एक घोड्यांच्या शर्यतीतला. एक दगडातून मूर्ती काढणारा, एक पूल बांधणारा, एक नाटकात बायकांची कामं करणारा. नियम दोनच. नाव तेच हवं, आणि माणसाने काहीतरी केलेलं हवं.

खाणीतला आमचा तिसरा गडी सेइकिची. तो एकदा जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्र नाचवत आला.

"घे रे, हा चिकटव. यानेही नाव काढलंय. तीन जिल्ह्यांचे पोलीस मागावर आहेत."

बँक फोडणारा इसामू होता तो.

"केलेलं म्हणजे कष्टाने केलेलं," इसामू म्हणाला.

"मग भिंत काय फुंकर मारून पाडली त्याने? आपल्यापेक्षा कमी कष्ट आहेत होय?"

इसामूने घास चावता चावता विचार केला. "भिंत कशी फोडली ते लिहिलंय का?"

सेइकिचीने वाचून दाखवलं. इसामूने कागद हातात घेऊन फोटो निरखला.

"वाकडी फोडलीय," तो म्हणाला, आणि कागद परत केला.

वहीचं तिसरं पान आमच्याच तालुक्यातल्या माणसाचं होतं. तेराशिमा इसामू. समुद्रापलीकडच्या गावातला, आमच्या इसामूच्याच वयाचा. शाळेच्या बेसबॉल संघाचा गोलंदाज. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याने संघाला देशाच्या मोठ्या स्पर्धेपर्यंत नेलं. मुकादमाने रेडिओ खाणीत आणला होता आणि दोन तास घण बंद होते. तसं त्याआधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. पुढे तेराशिमाने मासळी डबाबंद करायचा कारखाना काढला, मग नगरसभेवर निवडून आला. प्रत्येक वेळचं कात्रण वहीत आहे.

"आणि स्वतःला कधी चिकटवणार?" सेइकिची विचारायचा.

"मी काय केलंय?" इसामू म्हणायचा. रुसून नव्हे. खरंच विचारायचा.

खाण बंद झाली. मग शाळा, मग दवाखाना. बेटावर माणसं दीडशेच्या खाली आली, त्यातली बरीचशी सत्तरी ओलांडलेली. त्याच सुमारास इसामूच्या बायकोची, फुसाएवहिनीची, मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार सात वाजायला दहा कमी असताना सुटणारी बोट धरायची, आठला इस्पितळात पलंग मिळायचा, दुपारी तीनच्या बोटीने परत. इसामू तिची पिशवी धरून बरोबर जायचा आणि खालच्या बाकावर चार तास बसायचा. तिथेही तो जुनी वर्तमानपत्रं चाळायचा. एक परिचारिका त्याच्यासाठी कात्री ठेवायची.

त्या सकाळच्या बोटीला आम्ही सातची बोट म्हणतो. नगरसभेने ठरवायला घेतलं की सातची बोट बंद करायची, पहिली बोट साडेनऊला. साडेनऊच्या बोटीने सकाळचा पलंग मिळत नाही. दुपारचा घेतला तर तो संपेपर्यंत शेवटची बोट निघून गेलेली असते. म्हणजे सातची बोट गेली की इसामू आणि फुसाएवहिनीला बेट सोडावं लागणार. हिशेब एवढा सोपा होता.

इसामू दोनदा सह्यांचा कागद घेऊन कचेरीत गेला. त्यांनी चहा दिला, कंबरेत वाकून नमस्कार केला, कागद ठेवून घेतला. सभा भरली तेव्हा तो ऐकायला जाऊन बसला. मागच्या बाकांवर कोणालाही बसता येतं. बोलता मात्र येत नाही.

परत आला तेव्हा मी आणि सेइकिची धक्क्यावर ऑक्टोपस धरायची मडकी घासत होतो.

"मी निवडणुकीला उभा राहतो," तो म्हणाला.

सेइकिचीने मडकं खाली ठेवलं. "कशाला?"

"तिथे बोलायला खुर्ची लागते."

"तू? तू तर लग्नातपण चार शब्द बोलला नव्हतास. फुसाएने तुझ्या वाटचं भाषण केलं होतं."

"सातच्या बोटीबद्दल मला बोलता येईल. त्यांच्यातलं कोणी तिच्यात बसलेलं नाही."

बारा जागा, तेरा उमेदवार. म्हणजे पडणार एकच. मागच्या खेपेला शंभरापर्यंत मतं मिळवणारा शेवटचा माणूस आत गेला होता. बेटावर मतदार एकशे एकतीस. आम्ही बोटांवर मोजलं आणि खूश झालो.

उमेदवारांची बैठक झाली त्या दिवशी इसामू तीनच्या बोटीने उतरला तो बातमी घेऊनच. तेराशिमाही उभा होता. कचेरीतल्या कारकुनाने दोघा इसामूंना बाजूला बसवून नियम समजावला होता. आमच्याकडे मत म्हणजे कोऱ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने उमेदवाराचं नाव लिहायचं असतं. दोन उमेदवारांचं नाव एक असलं आणि चिठ्ठीवर तेवढंच नाव लिहिलेलं असलं, तर चिठ्ठी बाद होत नाही. ते मत दोघांत वाटतात. ज्याची पक्की मतं जास्त, त्याचा वाटा मोठा.

"म्हणजे मी 'इसामू' लिहिलं तर?" सेइकिचीने विचारलं.

"तर तुझ्या मताचा मोठा तुकडा त्याला. छोटा मला."

"माझं मत म्हणजे काय टोफू आहे, सुरीने कापायला?"

"म्हणून ओकिउरा इसामू लिहायचं. दोन्ही."

"ओकिउरा," सेइकिची म्हणाला, जणू कोणा परक्याचं नाव उच्चारतोय.

निवडणुकीत घरोघर जायला कायद्याने बंदी आहे. म्हणून इसामू पाच दिवस रोज सकाळी सातच्या बोटीच्या वेळेला धक्क्यावर कर्णा घेऊन उभा राहिला. उमेदवार पांढरे हातमोजे घालतात. त्याने खाणीतले जुने मोजे धुऊन घातले होते. अंगावरच्या पट्ट्यावर माझ्या बायकोने ठळक अक्षरांत ओकिउरा इसामू असं पूर्ण लिहिलं होतं. बोलायचं तो एकच. "सातची बोट राहिली पाहिजे. कृपा करून आडनावासकट लिहा."

उमेनोआजी तेव्हा एक्याण्णव वर्षांची होती. ती काठी टेकत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अरे, तू मला तुझं नाव शिकवतोस?"

"तसं नाही आजी. आडनावपण लिहायचं."

"तुला न्हाऊ घातलंय मी. तुझी आई पडून होती तेव्हा. आणि आता तोंडाला भोंगा लावून मला नाव सांगतोस!"

लोक हसले. इसामूही हसला. "ओकिउरा इसामू," तो पुन्हा म्हणाला.

"माहीत आहे, माहीत आहे," आजी म्हणाली. "इसामू."

सगळ्यांना माहीत होतं, हीच अडचण होती. जी गोष्ट माणसाला पक्की माहीत असते ती तो ऐकत नाही.

मतदान बंद पडलेल्या शाळेच्या खेळाच्या दालनात होतं. मला त्या दिवसाबद्दल जे सांगायचं आहे ते सरळ सांगतो. मी आयुष्यभर अर्धवट कामाचा तिटकारा केला. पाचर अर्धी ठोकून जेवायला गेलेल्या माणसाला मी शिव्या दिल्या आहेत. त्या सकाळी मी चिठ्ठी घेतली, आडोशाला गेलो. समोर उमेदवारांची यादी लावलेली होती, पूर्ण नावांची. मी ती वाचली. पेन्सिल आखूड होती. मी नीट लिहिलं, घडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर आलो. शाळेचा उतार अर्धा उतरल्यावर माझे पाय थांबले. मी काय लिहिलं ते मला बोटांत आठवलं. तीन अक्षरं. इसामू.

मी परत वर गेलो. पेटीला कुलूप होतं. पेटीमागच्या बाई म्हणाल्या, "काही राहिलं का काका?" मी म्हणालो, "छत्री." छत्री माझ्या हातातच होती.

घरी येताना मी स्वतःला सांगितलं की एकाने काय होतंय.

निकाल दुसऱ्या दिवशी सातच्या बोटीने, वर्तमानपत्रातून आला. इसामूने धक्क्यावरच पान उघडलं. सोमवार होता, फुसाएवहिनी पिशवी धरून शेजारी उभी होती. तेरा नावं, तेरा आकडे. अकरा आकडे साधे होते. दोन आकड्यांना दशांश चिन्ह होतं. तेराशिमा इसामू, चारशे बारा पूर्णांक आठ दशांश. ओकिउरा इसामू, एकशे तीन पूर्णांक दोन दशांश. शेवटच्या निवडून आलेल्या माणसाला एकशे चार मतं होती.

आठ दशांशांनी पडला. एका माणसाच्या एका मताइतकंही ते अंतर नव्हतं.

आकडेमोड नंतर कारकुनाने फोनवर सांगितली. तेराशिमाची पक्की मतं तीनशे अठ्ठ्याऐंशी. आमच्या इसामूची सत्त्याण्णव. नुसतं "इसामू" लिहिलेल्या चिठ्ठ्या एकतीस. चारास एक असे वाटे पडले. चोवीस पूर्णांक आठ तिकडे गेली, सहा पूर्णांक दोन इकडे आली. बेटावरच्या एकशे एकतीस मतदारांपैकी तिघांना अंथरुणातून उठता आलं नव्हतं. सत्त्याण्णव आणि एकतीस, एकशे अठ्ठावीस. अख्ख्या बेटाने, एकही माणूस न गळता, त्याला मत दिलं होतं, आणि तो पडला होता. त्या एकतीस जणांतल्या कोणीही एकाने आडनाव लिहिलं असतं तरी तो निवडून आला असता. मी ते कागदावर तीनदा करून पाहिलं. एकाने.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. लोक इसामूकडे येत राहिले. मुळा घेऊन, संत्री घेऊन, सुकवलेली मासळी घेऊन. सांत्वनाला यायचे आणि सांगायचे.

"मी तर मोठ्ठं लिहिलं," उमेनोआजी म्हणाली. मी तिथेच बसलो होतो. "अख्खी चिठ्ठी भरून. चष्म्याशिवाय वाचता येईल असं. इसामू! तरी कसा रे पडलास?"

"छान केलंत आजी," इसामू म्हणाला.

"त्या गावातल्या लोकांना वाचता येत नाही."

"हो ना."

तो कोणालाच काही म्हणाला नाही. मी म्हटलं असतं. पण मी म्हणू शकत नव्हतो. मी तिथे बसून आजीने आणलेल्या रताळ्याचं साल काढत राहिलो.

दहा-बारा दिवसांनी तेराशिमा बेटावर आला. एकटा, साडेनऊच्या बोटीने, काळ्या कोटात. हात रिकामे होते. निवडून आलेल्या माणसाला मतदाराच्या घरी साधी मिठाईही नेता येत नाही, कायदा तसा आहे. रिकाम्या हातांनी दुसऱ्याच्या दारात उभं राहायची त्या माणसाला सवय नव्हती. ते दिसत होतं. दारातच तो कंबरेत वाकला आणि बराच वेळ वाकून राहिला.

"तुमची मतं माझ्याकडे आली आहेत," तो म्हणाला. "चोवीस पूर्णांक आठ. मला ती नको होती. परत द्यायची काही सोय असती तर दिली असती. मी कचेरीत विचारलं. सोय नाही."

"आत या साहेब," इसामू म्हणाला. "उंबऱ्यावर किती वेळ वाकणार? तुमची पाठ काय माझ्यासारखी दगडावर घडलेली नाही."

फुसाएवहिनीने जवाचा चहा दिला. इसामूने वही आणली आणि तिसरं पान उघडलं. पिवळ्या पडलेल्या फोटोत अठरा वर्षांचा तेराशिमा हात मागे नेऊन चेंडू टाकत होता. तेराशिमाने पुढची पानं उलटली. स्वतःचा कारखाना, स्वतःच्या निवडणुका.

"हे सगळं माझ्या घरीपण नाही," तो म्हणाला.

"मी खाणीत होतो त्या दिवशी," इसामू म्हणाला. "शेवटचा चेंडू टाकलात तेव्हा आम्ही सगळे टोप्या उडवत होतो. मुकादमाची टोपी खाली समुद्रात गेली."

"आपण तो सामना हरलो होतो."

"हो. पण दोन तास काम बंद होतं."

तेराशिमा हसला. जाताना म्हणाला, "सातच्या बोटीसाठी मी बोलेन. शब्द देतो."

तो शब्दाला जागला. सभा झाली तेव्हा आम्ही अकरा जण बेटावरून गेलो आणि मागच्या बाकांवर बसलो. तेराशिमा उठला, चांगला बोलला. आवाज मोठा, वाक्यं स्वच्छ. पण तो सातच्या बोटीत कधी बसला नव्हता. "वृद्धांची गैरसोय" म्हणाला. "बेटावरील रहिवाशांच्या भावना" म्हणाला. आठला पलंग असतो आणि नऊ वाजता नसतो, हे त्याने सांगितलं नाही. इसामू माझ्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. तेराशिमा बोलत असताना त्याचे ओठ हलत होते. एकदा तो उठून उभा राहिला. दारातल्या माणसाने तळहात खाली करून बसा अशी खूण केली. सभ्यपणे केली. इसामू बसला.

बाजूने चार हात वर झाले. विरुद्ध सात. अध्यक्ष मत देत नाही.

एकशे चार मतांवर आत गेलेल्याचा हात विरुद्ध होता; म्हणजे इसामू त्याच्या खुर्चीत असता तरी पाच आणि सहा झाले असते. परतीच्या बोटीत सेइकिचीने हे मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याला वाटलं, बरं वाटेल. कोणाला बरं वाटलं नाही. एक माणूस उभा राहून खरं काय ते सांगतो तेव्हा किती हात हलतात, ते मोजून बघायला आता वाव नव्हता.

सातची बोट मार्चअखेर बंद झाली. इसामूने इस्पितळाजवळ तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. शेवटच्या सोमवारी त्यांनी सातच्या बोटीनेच जायचं ठरवलं. सामान फार नव्हतं. एक कपाट, गाद्या, भांडी, आणि घण, जो तिसऱ्या मजल्यावर कशाला लागणार होता देव जाणे. मी आणि सेइकिचीने ते बोटीवर चढवलं. सेइकिची कपाटाखालून ओरडला, "जड आहे रे! आत सासूला बसवलंय का?" फुसाएवहिनी म्हणाली, "तिला आधीच पाठवलंय." मग ती रडली आणि सेइकिची दोऱ्या बांधायला पळाला.

मी इसामूला धक्क्याच्या टोकाला गाठलं. पाच महिने मी ते पोटात घेऊन फिरत होतो.

"मी नुसतं नाव लिहिलं होतं," मी म्हणालो. "आडनाव राहिलं."

तो समुद्राकडे बघत होता.

"तू तिसावा," तो म्हणाला.

"काय?"

"तीस जणांनी येऊन सांगितलं. काहींनी अभिमानाने सांगितलं, काहींनी तुझ्यासारखं तोंड पाडून. सेइकिची तर दुसऱ्याच दिवशी आला होता. मी मोजत होतो. तुझीच वाट बघत होतो."

"चिठ्ठ्या एकतीस होत्या."

"हो," इसामू म्हणाला. "एकतिसावी माझी."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने उजवा हात पुढे करून उघडला. बेचाळीस वर्षांचे घट्टे होते त्याच्यावर.

"पाच दिवस कर्णा घेऊन ओरडलो. आडनाव लिहा, आडनाव लिहा. आडोशाला गेलो, पेन्सिल हातात घेतली. या हाताने दगडावर लिहितात तसं लिहिलं आणि मी बाहेर आलो. पेटीत पडेपर्यंत कळलंसुद्धा नाही."

"फुसाएवहिनीला माहीत आहे?"

"नाही. तिने पूर्ण लिहिलं होतं. अक्षर वाईट आहे तिचं, पण पूर्ण लिहिलं."

बोटीने भोंगा दिला. त्याने पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, तिथे भिंतींना ओल आहे, कागद टिकायचा नाही. मला ते खरं वाटलं नाही, पण मी वही घेतली. बोट वळेपर्यंत तो मागच्या कठड्याशी उभा होता. हात केला नाही. फुसाएवहिनीची पिशवी त्याच्या दोन्ही हातांत होती.

फुसाएवहिनी तिथे दोन हिवाळे जगली. इसामू तिच्यानंतर आणखी एक. त्याला भेटायला मी चारदा गेलो. साडेनऊच्या बोटीने जाऊन तीनच्या बोटीने यायचं म्हणजे हातात वेळ थोडाच राहतो. तो खिडकीत बसलेला असायचा. तिथून समुद्र दिसतो, बेट दिसत नाही. मध्ये कारखान्याची इमारत येते. तेराशिमाच्या.

वही माझ्याकडे आहे. दर पावसाळ्यानंतर मी ती उन्हात ठेवतो. शेवटच्या पानावर नंतरच्या वर्षातलं एक कात्रण नीट चिकटवलेलं आहे. तेराशिमा इसामू नगरसभेचा अध्यक्ष झाला त्याचं. आमच्या इसामूने ते तिसऱ्या मजल्यावर कापलं, पाकिटात घालून माझ्याकडे पाठवलं आणि लिहिलं, "चिकटव. कडा सरळ ठेव." मी ठेवल्या.

त्याच्या पुढे एक कात्रण सुटं आहे. तेरा नावांचं, तेरा आकड्यांचं. ते त्याने निकालाच्या सोमवारी धक्क्यावरच घडी घालून वहीत ठेवलं होतं. चिकटवलं नव्हतं. सेइकिची म्हणतो, तू चिकटव, आता कोण अडवणार? पण नियम इसामूचे होते. माणसाने काहीतरी केलेलं हवं. मला विचाराल तर त्याने केलं होतं. पण मला विचारण्या-न विचारण्याला आता काय किंमत आहे? मी डिंक आणून ठेवला आहे. कात्रण अजून सुटंच आहे. वही उघडताना ते घसरून खाली पडतं आणि दर वेळी मला वाकून उचलावं लागतं.